साखरेचा हिशेब : पेशी ग्लुकोज कसं मोडते आणि कसं घडवते

एक कोरा कागद आडवा धरा आणि पेन्सिल घ्या. पेन नको, खोडाखोड होणार आहे. कागदावर तीन उभे रकाने आखा. पहिल्याच्या डोक्यावर 'कार्बन' लिहा, दुसऱ्याच्या 'इलेक्ट्रॉन' आणि तिसऱ्याच्या 'एटीपी'. पुढे वाचत जाल तसे हे रकाने भरत जा. कर्बोदकांचा चयापचय म्हणून पाठ्यपुस्तकात बाणांचं जे जंगल असतं, ते या एका पानावर मावतं.

मी स्वतः हे उलट्या बाजूने शिकलो. ग्लुकोज फुटण्याच्या दहा अभिक्रिया आणि त्यांची दहा विकरं, म्हणजे त्या घडवून आणणारी प्रथिनं (एन्झाइम), आधी घोकली. तोंडी परीक्षेत ती धडाधडा म्हणूनही दाखवली. परीक्षकांनी फक्त एवढंच विचारलं, "यात सहाचे तीन कुठे झाले?" आणि माझी दातखीळ बसली. नावं सगळी येत होती, हिशेब येत नव्हता. तेव्हापासून नवख्या माणसाला मी हेच सांगतो की नावं मागाहून येतात, आधी वही घाला.

वहीतल्या दोन पात्रांची ओळख

पहिला एटीपी. याच्या शेपटीला तीन फॉस्फेट असतात. शेवटचा तुटला की ऊर्जा मोकळी होते आणि उरतो एडीपी. याला 'ऊर्जेचं चलन' म्हणायची पद्धत आहे. म्हणायला हरकत नाही, पण त्यातून एक गोष्ट निसटते : हे चलन साठवून ठेवता येत नाही. जोराने धावणाऱ्या स्नायूतला तयार एटीपी काही सेकंदांत संपतो. म्हणून पेशी तो अखंड बनवत असते आणि अखंड मोडत असते. नुसत्या बसून असलेल्या माणसाच्या शरीरात दिवसभरात सुमारे ४० किलो एटीपी बनतो आणि मोडतो. अर्थात तेच ते थोडे रेणू पुन्हा पुन्हा फिरत असतात.

दुसरा एनएडी. याला मी हमाल म्हणतो. साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्यासोबतचा हायड्रोजन डोक्यावर घेऊन हा चालतो. रिकामा असताना एनएडी, भरलेला असताना एनएडीएच. त्याचा एक भाऊबंद आहे, एफएडी. दोघेही ब-जीवनसत्त्वांपासून बनतात, एनएडी नायसिनपासून आणि एफएडी रायबोफ्लेविनपासून. पेशीत या हमालांची संख्या मोजकीच असते. ओझं उतरवल्याशिवाय त्यांना नवीन उचलता येत नाही. ही एवढी अडचण लक्षात ठेवा, पुढचं अर्धं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

पायरी १ : साखळी सोडवा

कर्बोदक खाल्लं जातं तेव्हा ते बहुधा स्टार्च असतं, म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. माळ पेशीच्या दारातून आत जात नाही, मणी सुटे करावे लागतात. हे डोळ्यांनी बघता येतं.

चिमूटभर स्टार्च कपभर पाण्यात उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. ते दोन पेल्यांत वाटा. एका पेल्यात चमचाभर लाळ घालून ढवळा, दुसरा तसाच ठेवा. एका पांढऱ्या बशीत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनचे थेंब रांगेने टाकून ठेवा. दर दोन मिनिटांनी लाळेच्या पेल्यातला एक थेंब पुढच्या आयोडीनवर सोडा. पहिला थेंब निळा-काळा होईल. काही वेळाने येणारे थेंब जांभळट, मग तांबूस-तपकिरी दिसतील आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग तेवढा राहील. दुसऱ्या पेल्यातला थेंब मात्र कधीही तपासा, निळाच. लांब माळ मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या वळणात बसून निळा रंग देतं. माळ तुटून तुकडे आखूड झाले की त्याला बसायला जागा उरत नाही. आता लाळ आधी उकळून हाच प्रयोग करा. रंग हलणार नाही, कारण लाळेतलं विकर, अमायलेज, उष्णतेने मोडलेलं असतं.

जठरातल्या आम्लात अमायलेजचं काम थांबतं. लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज ते पुन्हा हाती घेतं आणि आतड्याच्या अस्तरावरची विकरं शेवटच्या जोड्या सोडवतात. सेल्युलोजही ग्लुकोजचंच असतं, पण मणी जोडण्याची गाठ वेगळी. ती गाठ आपल्या अमायलेजला सुटत नाही, म्हणून ते तंतू तसेच पुढे सरकतात.

वहीत अजून काही लिहायचं नाही. या पायरीवर एटीपी मिळत नाही.

पायरी २ : आत घ्या आणि अडकवा

रक्तातलं ग्लुकोज पेशीच्या आवरणातल्या खास वाहक प्रथिनांतून आत शिरतं. स्नायू आणि मेदपेशी यांच्यात हे वाहक बरेचसे आत दडवलेले असतात, इन्सुलिनचा निरोप आला की ते पृष्ठभागावर येतात. मेंदू, यकृत आणि तांबड्या रक्तपेशी दारासाठी इन्सुलिनची वाट बघत नाहीत. 'इन्सुलिनशिवाय कोणत्याच पेशीत साखर जात नाही' हे वाक्य जागोजागी छापलेलं असतं, ते चूक आहे.

पण आत आलेलं ग्लुकोज त्याच दाराने बाहेरही जाऊ शकतं. म्हणून पेशी ताबडतोब एक एटीपी मोडून त्यातला फॉस्फेट ग्लुकोजला चिकटवते. फॉस्फेटवर विद्युतभार असतो, त्यामुळे हा नवा रेणू, ग्लुकोज-६-फॉस्फेट, दारातून मावत नाही. काम करणारं विकर हेक्सोकायनेज. वहीत लिहा : कार्बन ६, एटीपी वजा १.

कर्करोगाच्या तपासणीत जो पेट (PET) स्कॅन करतात तो याच पायरीवर चालतो. रुग्णाला ग्लुकोजसारखाच, पण एका ठिकाणी किरणोत्सारी फ्लोरीन बसवलेला रेणू टोचतात. पेशी त्याला साखर समजून आत घेते, हेक्सोकायनेज फॉस्फेट लावतं, आणि पुढचं विकर मात्र त्याला हात लावू शकत नाही. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. ज्या पेशी अधाशासारखी साखर ओढतात तिथे हे अडकलेले रेणू साचतात आणि चित्रात तो भाग उजळतो.

पायरी ३ : सहाचे तीन-तीन करा

परीक्षकांनी मला विचारलेली जागा हीच. सगळं पेशीद्रव्यात घडतं, तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) नाही आणि ऑक्सिजनही लागत नाही.

रेणूची थोडी मांडामांड होते आणि मग दुसरा एटीपी खर्च करून दुसऱ्या टोकालाही फॉस्फेट लावला जातो. आता दोन्ही टोकांना मूठ आली. अल्डोलेज नावाचं विकर त्याचे बरोबर मधोमध दोन तुकडे करतं, प्रत्येकात तीन कार्बन आणि एक फॉस्फेट. दोन तुकडे सुरुवातीला अगदी सारखे नसतात, पण एकाचं रूपांतर दुसऱ्यात सहज होतं. म्हणून इथून पुढे प्रत्येक आकडा दोनाने गुणायचा. नवख्यांच्या निम्म्या चुका इथे होतात, तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरात '× २' लिहून ठेवा.

पुढे प्रत्येक तुकड्यातून एक हमाल इलेक्ट्रॉन उचलतो आणि दोन एटीपी मिळतात. शेवटी हातात पायरुविक आम्ल येतं, तीन कार्बनांचं. हिशेब मांडा : कार्बन ३ + ३, भरलेले हमाल २, एटीपी ४ मिळाले आणि २ घातले, म्हणून निव्वळ २. आधी पदरचं घालायचं आणि मग दुप्पट काढायचं, असा हा व्यवहार आहे.

दहा अभिक्रिया कशाला, एकाच धक्क्यात का नाही? एक मोल ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे २,८७० किलोज्यूल ऊर्जा सुटते. एका मोल एटीपीत प्रमाण परिस्थितीत सुमारे ३० किलोज्यूल मावतात. सगळी एकदम सुटली तर ती नुसती उष्णता होऊन जाईल. हप्त्याहप्त्याने सोडली तरच पकडता येते.

दुसरा एटीपी खर्च करणारं विकर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, हा या वाटेवरचा खरा नळ. पेशीत एटीपी भरपूर असला की तोच एटीपी या विकराला येऊन चिकटतो आणि नळ आवळतो. एटीपी संपत आला की साचणारा एएमपी, म्हणजे एकच फॉस्फेट उरलेला रेणू, नळ सोडतो. नळ पहिल्याच अभिक्रियेवर का नाही? कारण ग्लुकोज-६-फॉस्फेटला इतरही वाटा आहेत. ते साठवणीत जाऊ शकतं किंवा एका आडवाटेने जाऊन डीएनए-आरएनएसाठी लागणारी पाच कार्बनांची साखर आणि पेशीच्या बांधकामाला लागणारा वेगळा हमाल, एनएडीपीएच, देऊ शकतं. नळाच्या पलीकडे गेलेला रेणू मात्र फुटायलाच निघालेला असतो.

पेशीतली ही यंत्रणा पेशीबाहेरही चालते हे १८९७ साली एदुआर्द बुखनर यांना कळलं, तेही काहीसं अपघाताने. यीस्ट चिरडून काढलेला रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर रसाला बुडबुडे येऊ लागले. जिवंत पेशी एकही नाही आणि किण्वन, म्हणजे साखर आंबणं, चालू! 'जीवनशक्ती' नावाची गूढ गोष्ट किण्वनाला लागते हा समज त्या बुडबुड्यांबरोबर फुटला. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आता रक्ततपासणीच्या टेबलापाशी या. साखरेच्या चाचणीचं रक्त बहुधा करड्या टोपणाच्या नळीत घेतात. नळीच्या तळाशी सोडियम फ्लोराइडची पांढरी भुकटी असते आणि रक्त घेतल्यावर नळी हलकेच उलटीसुलटी करतात. कारण असं की नळीतल्या रक्तपेशी मेलेल्या नसतात. त्या साखर मोडतच राहतात, आणि साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, साखरेचा आकडा दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. फ्लोराइड या दहापैकी नवव्या विकराला, इनोलेजला, रोखतं. गंमत अशी की नववी अडवली तरी वरच्या अभिक्रिया लगेच थांबत नाहीत, रांग मागेपर्यंत तुंबायला वेळ लागतो, म्हणून पहिला तासभर साखर थोडी घटतेच. विकरांची साखळी कशी चालते याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

पायरी ४ : ऑक्सिजन नसेल तर हमाल रिकामे करा

वहीत बघा, दोन हमाल भरून उभे आहेत. त्यांचं ओझं उतरलं नाही तर पायरी ३ पुन्हा चालणार नाही, कारण रिकामा एनएडीच नाही. ऑक्सिजन असेल तर ओझं तंतुकणिकेत उतरतं. नसेल, किंवा तंतुकणिकाच नसतील, तर पेशी ते ओझं पायरुविक आम्लाच्याच डोक्यावर परत ठेवते. त्याचं होतं लॅक्टेट. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात, त्यामुळे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या या पेशी स्वतः आयुष्यभर ऑक्सिजनविना साखर मोडतात. यीस्ट थोडी वेगळी वाट धरतं : एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतं, आणि उरलेल्या दोन कार्बनांवर ओझं टाकून अल्कोहोल बनवतं.

या पायरीतून एटीपी मिळत नाही, शून्य. ती फक्त पायरी ३ चालू राहावी म्हणून आहे. 'किण्वनातून ऊर्जा मिळते' असं ऐकाल तेव्हा ती ऊर्जा मागच्या पायरीची आहे हे लक्षात घ्या. आणि व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टेट साचल्यामुळे, हेही खरं नाही. लॅक्टेट तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं.

पायरी ५ : एकेरी दार

ऑक्सिजन आहे असं धरू. पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरतं आणि तिथे त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, एक हमाल भरतो, उरलेले दोन कार्बन 'को-एन्झाइम ए' नावाच्या वाहकावर चढतात. हे ॲसेटिल-को-एन्झाइम-ए. या कामाला ब-१ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की साखरेवर सर्वांत जास्त भिस्त असणाऱ्या मज्जासंस्थेला, आणि हृदयालाही, आधी फटका बसतो.

वहीत दुप्पट करून लिहा : कार्बन २ + २, बाहेर गेले २, हमाल आणखी २. शेजारी एक जाड बाण काढा, एकाच दिशेचा. प्राण्यांच्या पेशीत हे दार फक्त आत उघडतं. दोनाचे पुन्हा तीन होत नाहीत. या बाणाकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

पायरी ६ : चक्र

क्रेब्ज चक्राची लोकांना उगाच भीती वाटते. बेरीज-वजाबाकी अशी आहे : चार कार्बनांच्या रेणूत दोन मिळाले, सहा झाले. एक गेला, पाच राहिले. आणखी एक गेला, चार राहिले. पुन्हा सुरुवात. प्रत्येक फेरीत तीन एनएडीएच, एक एफएडीएच-२ (भरलेला एफएडी) आणि एटीपीच्याच तोडीचा एक रेणू मिळतो. एका ग्लुकोजमागे दोन फेऱ्या. एक बारकावा सांगून ठेवतो : ज्या फेरीत दोन कार्बन आत येतात त्याच फेरीत नेमके तेच बाहेर पडत नाहीत, बाहेर पडतात जुने. हिशेबाला त्याने फरक पडत नाही.

हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये हे चक्र मांडलं. 'नेचर' या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला आणि तो दुसरीकडे छापावा लागला. १९५३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

आता थांबा आणि वही वाचा. साखरेचे सहाही कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन गेले. आपण श्वासातून टाकतो तो हाच. पण एटीपी? दोन तिथले, दोन इथले, एकूण चार. मग एवढी ऊर्जा गेली कुठे? मधल्या रकान्यात बघा : १० एनएडीएच आणि २ एफएडीएच-२. सगळा माल हमालांच्या डोक्यावर आहे.

पायरी ७ : माल उतरवा

तंतुकणिकेच्या आतल्या आवरणात प्रथिनांच्या संकुलांची एक रांग आहे. हमाल पहिल्या टप्प्यांवर इलेक्ट्रॉन देतात. इलेक्ट्रॉन एका संकुलाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात, आणि उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर ही संकुलं प्रोटॉन आवरणापलीकडे उपसतात. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, प्रोटॉन घेतो आणि पाणी होतो. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या माणसासाठी. सायनाइड याच शेवटच्या टप्प्यावर ठाण मांडतं : ऑक्सिजन हजर असूनही घेता येत नाही, रांग तुंबते.

एका बाजूला साठलेल्या प्रोटॉनांचं काय होतं? धरणाचं पाणी जसं जनित्रातूनच खाली सोडतात, तसे ते एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातूनच परत येऊ शकतात, आणि येताना त्या प्रथिनाचा एक भाग खरोखरच गरगर फिरवतात. एका फेऱ्यात तीन एटीपी. ही उपमा नाही. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्या फिरत्या भागाला एक चमकणारा तंतू चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना पाहिला. प्रोटॉनांच्या साठ्याची मूळ कल्पना पीटर मिचेल यांची, १९६१ ची. कितीतरी वर्षं बहुतेकांनी ती मानली नाही. नोबेल १९७८ मध्ये आलं.

हिशेब पुरा करू. एका एनएडीएचमागे सुमारे २.५ एटीपी, एका एफएडीएच-२ मागे १.५. तंतुकणिकेतले ८ एनएडीएच म्हणजे २०. दोन एफएडीएच-२ म्हणजे ३. पेशीद्रव्यातले दोन एनएडीएच थेट आत जाऊ शकत नाहीत, त्यांचं ओझं मधल्या दलालामार्फत जातं आणि दलाल कोणता यावर ३ किंवा ५ मिळतात. वर थेट मिळालेले ४. एकूण ३० ते ३२. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ दिसेल, तिथे एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच-२ मागे २ धरले आहेत. परीक्षेला बसणार असाल तर तुमचं पुस्तक काय धरतं ते बघून उत्तर लिहा, त्यात तत्त्वाचा प्रश्न करू नका.

इथवर मोडतोड झाली. कागद उलटा, मागच्या बाजूला घडवणं मांडू. आणि एक गोष्ट आधीच मनात पक्की करा : घडवणं म्हणजे मोडण्याची चित्रफीत उलटी फिरवणं नव्हे. जिथे जिथे ऊर्जेचा मोठा उतार आहे, तिथे चढायला पेशीने वेगळा जिना बांधला आहे.

पायरी ८ : जेवणानंतर साठवा

माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं. म्हणजे कुठेतरी कोठार हवंच. पण सुटं ग्लुकोज पेशीत कोंबलं तर परासरणाने पाणी आत घुसून पेशी फुगेल. म्हणून हजारो मणी एका रेणूत ओवून ठेवायचे. हे ग्लायकोजेन.

ओवण्यासाठी ग्लुकोजला आधी यूडीपी नावाचा दांडा लावावा लागतो. त्यासाठी एटीपीच्या तोडीचा एक रेणू खर्च होतो. ही युक्ती शोधणारे लुईस लेलोआर, १९७० चे नोबेल मानकरी. माळ सरळ नसते, दर ८ ते १२ मण्यांवर फाटा फुटतो. फाटे जितके जास्त, तितकी मोकळी टोकं जास्त, आणि गरजेच्या वेळी तितक्या ठिकाणांहून एकदम मणी तोडता येतात. पळणाऱ्या प्राण्याच्या स्नायूला हेच हवं असतं.

तोडताना विकर फॉस्फेट वापरूनच मणी सोडवतं, त्यामुळे निघालेल्या मण्याला फॉस्फेट आपोआप लागलेला असतो, पायरी २ चा एटीपी वाचतो. मोठ्या माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. पण स्नायूतलं ग्लायकोजेन रक्ताच्या कामी थेट येत नाही. फॉस्फेट काढून ग्लुकोज सुटं करणारं विकर यकृताकडे आहे, स्नायूंकडे नाही. यकृत सार्वजनिक कोठार, स्नायू आपापल्या घरची कणगी.

साठवणं आणि तोडणं एकाच वेळी चाललं तर नुसती ऊर्जेची नासाडी. म्हणून ग्लुकागॉनचा, म्हणजे रक्तात साखर कमी पडल्यावर स्वादुपिंड सोडतं त्या संप्रेरकाचा, निरोप आला की यकृतपेशी दोन्ही बाजूंच्या विकरांना फॉस्फेट लावते. त्याने तोडणारं जागं होतं आणि साठवणारं झोपतं. इन्सुलिन आलं की तोच फॉस्फेट उतरतो आणि पारडं फिरतं. एकाच खटक्यावर दोन दिवे, एक लागला की दुसरा विझतो.

पायरी ९ : कोठार संपलं तर नव्याने घडवा

उपाशीपोटी दिवसभरात यकृताचं कोठार जवळजवळ रिकामं होतं. त्याच्या आधीपासूनच यकृत, आणि थोड्या प्रमाणात मूत्रपिंड, नवं ग्लुकोज घडवायला लागलेलं असतं. कच्चा माल म्हणजे लॅक्टेट, प्रथिनांमधली बहुतेक अमिनो आम्लं आणि चरबीतलं ग्लिसरॉल.

पायरी २ आणि ३ मधल्या बहुतेक अभिक्रिया दोन्ही दिशांना चालतात. तीन चालत नाहीत : हेक्सोकायनेजची, नळाची आणि शेवटची. वरच्या दोन ठिकाणी फॉस्फेट नुसता तोडून टाकायचा, एवढंच. शेवटचा उतार मात्र अवघड. तो चढायला पायरुविक आम्लाला आधी एक कार्बन डायऑक्साइड जोडतात, मग पुढच्याच अभिक्रियेत काढून टाकतात. तीनाचे चार, चाराचे तीन. काहीच हाती लागलं नाही असं वाटतं, पण कार्बन सुटण्याच्या धक्क्यावरच रेणू वर चढतो. वहीत खर्च लिहा : एका ग्लुकोजमागे ६ एटीपी किंवा त्यांच्या तोडीचे रेणू.

मोडताना मिळाले होते २, घडवताना गेले ६. मग हा आतबट्ट्याचा धंदा कशासाठी? जोरात पळणारा स्नायू २ घेतो आणि लॅक्टेट रक्तात सोडतो. यकृत ते उचलून, चरबी जाळून मिळवलेले ६ खर्चून ग्लुकोज परत पाठवतं. शरीराचा ४ चा तोटा झाला, पण स्नायूला हवे होते तेव्हा दोन मिळाले. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने हा फेरा ओळखला जातो. ग्लायकोजेनवरच्या कामासाठी त्या दोघांना १९४७ मध्ये नोबेल मिळालं.

पायरी १० : मुळातली साखर

वनस्पती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा एकेक कार्बन पाच कार्बनांच्या रेणूला जोडतात. सहाचा रेणू लगेच फुटतो, तीन-तीनचे दोन. सहा कार्बनांची एक साखर उभी करायला १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच लागतात, ते हरितलवकातून, उजेडाच्या जोरावर येतात. तंतुकणिकेत पाहिलेलीच युक्ती इथेही आहे : प्रोटॉन एका बाजूला साठवायचे आणि फिरत्या प्रथिनातून सोडायचे.

वही तपासून बघा

आता एक प्रश्न तुमच्यासाठी, उत्तर वाचण्याआधी कागदाकडे बघा. चरबीतली मेदाम्लं तुटून ॲसेटिल-को-एन्झाइम-ए बनतं, दोन कार्बनांचं. प्राणी त्यापासून साखर घडवू शकतो का?

पहिली वाट पायरी ५ उलटी चालणं. तिथे तुम्ही जाड एकेरी बाण काढला आहे. दुसरी वाट चक्रातून : दोन कार्बन चक्रात घालायचे आणि चार कार्बनांचा रेणू बाहेर काढून पायरी ९ ला द्यायचा. पहिल्या रकान्यात बघा. चक्रात दोन आले, दोन गेले. शिल्लक शून्य. चारचा रेणू काढून घेतलात तर चक्रच खंगत जाईल. म्हणून लांबलेल्या उपासात अंगावर चरबी असूनही शरीर स्नायूंची प्रथिनं मोडतं, आणि ती फार मोडावी लागू नयेत म्हणून मेंदू हळूहळू चरबीपासून बनलेल्या कीटोन द्रव्यांवर येतो.

तेलबियांना मात्र हे जमतं. अंकुर मातीखाली अंधारात असतो, उजेड नाही, पानं नाहीत, जवळ फक्त तेल. त्या पेशींकडे दोन जादा विकरं असतात. त्यांच्या जोरावर त्या चक्रातल्या कार्बन गमावणाऱ्या दोन्ही पायऱ्या टाळून आखूड वाटेने जातात : दोन आणि दोन मिळून चार, बाहेर काही नाही. तो चारचा रेणू पायरी ९ च्या जिन्याने वर चढतो आणि तेलाची साखर होऊन कोंबाकडे जाते.